सुकाणू, कासरा आणि पुढारपणाची भाषा

१ जून २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ‘सुकाणू समिती’ हा शब्द महाराष्ट्राच्या गावोगावी पोचला. रस्त्यावर दूध ओतलं जात होतं, भाजीपाल्याच्या गाड्या अडवल्या जात होत्या. ३ जूनच्या पहाटे मुंबईत झालेली पहिली तडजोड बहुतेक संघटनांना पटली नाही. मग वेगवेगळ्या झेंड्यांखालचे शेतकरी नेते नाशकात एकत्र आले, त्यांनी एक समिती नेमली आणि तिला हे नाव दिलं. ११ जूनला सरकारने तिच्याशी बोलणी करून कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. २४ जूनला दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची, ३४ हजार कोटींची योजना जाहीर झाली. अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू बोलणीत असल्यामुळे अमरावती जिल्ह्यात या बातम्या जरा जास्तच बारकाईने वाचल्या गेल्या. भातकुलीच्या चहाटपरीवर पेपरची घडी उलगडता उलगडता माणसं विचारत, “सुकाणूवाले काय म्हणून राह्यले?”

भातकुलीपासून समुद्र पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. या तालुक्यातून पेढी वाहते. ती पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेकडून समुद्रात जाते. इथल्या शिवारात पडलेला पाऊस म्हणजे शेवटी अरबी समुद्राचंच पाणी, पण माणसांचा त्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या संबंध नाही. विहिरीला खारं पाणी लागतं, तेही समुद्राचं नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्याचं ते दुखणं आहे. अशा गावात समुद्रावरचा एक शब्द येतो आणि कुणालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. आपली माणसं कुठेतरी वाहवत चालली आहेत आणि कुणीतरी दिशा धरायला हवी, एवढं त्या शब्दातून सगळ्यांना कळलं. हा शब्द इतका सहज कसा रुजला, हे शोधता शोधता या पुस्तकातली टिपणं जमत गेली.

पुस्तकात आहेत ते नाव, गलबत, डोंगा, बंडी आणि बैलजोडी हाकण्याचे शब्द. त्यातही जे पुढे पुढारपणासाठी, कारभारासाठी, राज्यासाठी वापरले गेले तेवढेच. मराठी शब्द मुख्य आहेत. इंग्रजी शब्द शेजारी ठेवले आहेत, कारण आजची मराठी पत्रकारिता आणि सरकारी मराठी निम्मी इंग्रजीवरून विचार करते. ‘स्टिअरिंग कमिटी’ नसती तर ‘सुकाणू समिती’ जन्मली नसती. नुसता अर्थ देऊन मी थांबलो नाही. प्रत्येक शब्दामागचं काम काय होतं, ते कुणाच्या हातात होतं, त्याला काय दिसत होतं आणि चुकलं तर काय होत होतं, हे जमेल तेवढं दिलं आहे. माझ्या दृष्टीने पुस्तकाचा खरा विषय तोच आहे. पुढाऱ्यासाठी आपण वापरतो ते जुने शब्द मुळात कामाचे होते. पदाचे ते नंतर झाले. काम विसरलं गेलं आणि मान तेवढा उरला.

आधी इंग्रजीकडे पाहू. ‘हेल्म’ म्हणजे सुकाणूचा दांडा किंवा चाक. एखाद्या कंपनीचा प्रमुख ‘हेल्म’वर आहे असं इंग्रजी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे जहाज असतंच असं नाही. ‘स्टारबोर्ड’ म्हणजे जहाजाची उजवी बाजू. जुन्या उत्तर युरोपात नाव वळवायचं वल्हं उजव्या कडेला बांधलेलं असे, म्हणून त्या बाजूला हे नाव पडलं. सगळ्यात लांबचा प्रवास केला तो ‘गव्हर्न’ या शब्दाने. ग्रीक लोक नाव हाकण्याला ‘किबर्नान’ म्हणत. रोमनांनी त्याचं ‘गुबर्नारे’ केलं, आणि त्यातून गव्हर्न, गव्हर्नर, गव्हर्नमेंट हे सगळे शब्द निघाले. वऱ्हाडात ज्याला आपण ‘गौरमेंट’ म्हणतो, ती मुळात नाव हाकायची क्रिया आहे. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या अमेरिकी गणितज्ञाने यंत्रांच्या आणि प्राण्यांच्या नियंत्रणाचं शास्त्र मांडलं, तेव्हा तोच ग्रीक नावाडी उचलून त्याने ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिलं. आज अमरावतीच्या सायबर पोलीस ठाण्याच्या पाटीवर त्या नावाड्याच्या नावाचा अर्धा तुकडा आहे. आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनात वेग कमी-जास्त झाला की डिझेलचा पुरवठा आपोआप सावरणारा जो भाग असतो, त्यालाही आपला मिस्त्री ‘गव्हर्नर’च म्हणतो. राजभवनातला गव्हर्नर आणि इंजिनातला गव्हर्नर एकाच घराण्यातले. मला त्या दोघांत इंजिनातला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मूळ शब्दाचं काम तो आजही करतो. भार वाढला की तो उघडतो, भार उतरला की आवळतो, आणि हे क्षणोक्षणी चालू असतं.

राज्याला जहाज म्हणण्याची रीत युरोपात प्लेटोच्याही आधीची आहे, पण ती गाजली त्याच्यामुळे. ‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागात त्याने एक जहाज रंगवलं आहे. मालक अंगापिंडाने धिप्पाड, पण थोडा बहिरा, नजरेने अधू आणि नौकानयनात कच्चा. खलाशी सुकाणूसाठी आपसांत भांडताहेत. ती विद्या एकानेही शिकलेली नाही. उलट ती शिकवता येते असं म्हणणाऱ्याच्या अंगावर ते धावून जातात. मालकाला गुंगीचं औषध पाजून जहाज ताब्यात घेणाऱ्याची वाहवा होते. आणि जो खरोखर ऋतू, आकाश, तारे, वारा यांचा अभ्यास करतो, त्याला हे सगळे आभाळाकडे बघत बसणारा निरुद्योगी ठरवतात. प्लेटोला लोकशाहीबद्दल राग होता आणि त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही. मालक अधू असेल तर त्याला सुकाणूपासून दूर ठेवण्याऐवजी त्याला दिसेल, ऐकू येईल अशी व्यवस्था करायला हवी. पण सुकाणूभोवतीच्या त्या झोंबाझोंबीचं चित्र दोन हजार वर्षांहून जुनं असूनही आपल्याला ओळखीचं वाटतं, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट स्वतंत्रपणे घडली. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे कान, तसंच सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. चांगला राजा नसेल तर प्रजा भर समुद्रात कर्णधार नसलेल्या नावेसारखी बुडेल, असं हितोपदेशात सांगितलं आहे. म्हणजे पुढारी हा कर्णधार, ही कल्पना इंग्रजांकडून आलेली नाही. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात नावांचा कारभार पाहणारा एक अधिकारीच नेमला आहे, नावध्यक्ष. मोठ्या नद्यांवरच्या मोठ्या नावांवर कोण कोण असावं तेही त्याने लिहून ठेवलं: शासक, नियामक, कोयता आणि दोर सांभाळणारे, आणि नावेत शिरलेलं पाणी उपसणारा. यातला नियामक म्हणजे नाव हाकणारा. आज आपल्या शिक्षणसंस्थांची, बँकांची, महामंडळांची ‘नियामक मंडळं’ असतात. ‘गव्हर्निंग बॉडी’ला प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी कळत असो वा नकळत, लॅटिन नावाड्याच्या जागी संस्कृत नावाडी बसवला. पाणी उपसणाऱ्याला त्या यादीत ‘उत्सेचक’ म्हटलं आहे. त्याच्यावरून मात्र कुठल्याच भाषेत पुढारपणाचा शब्द निघाला नाही, आणि पावसाळ्यात डोंगा चालवणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्यावाचून नाव किती वेळ तरंगेल ते.

समुद्र आणि वऱ्हाड यांची गाठ एका जागी पक्की पडलेली दिसते, ती अजिंठ्याला. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेत एक जहाज रंगवलं आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच शिडं, नाळेवर काढलेला डोळा आणि मागच्या बाजूला वळवण्याची वल्ही. हे चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. तेव्हा तिथे सत्ता वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची होती, आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेतल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकला सापडला. त्यात हे गाव भोजकट राज्यात असल्याचा उल्लेख आहे, आणि ते भोजकट म्हणजेच भातकुली असं मानलं जातं. ज्या काळात भातकुलीच्या नावाने एक मुलूख ओळखला जाई, त्याच काळात शेजारच्या डोंगरात कुणी चितारी जहाजाचं सुकाणू कुठे असतं हे बिनचूक काढत होता. मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं.

कोकणात गेलं की शब्द बदलतात. तिथला ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आला, आणि ते धरणारा तो सुकाणी. जहाजाचा मालक-चालक नाखवा, हा फारसी ‘नाखुदा’. त्यात नाव आणि धनी असे दोन शब्द आहेत. सारंग हा ‘सरहंग’वरून आलेला, आणि शिवकाळात आरमाराच्या अधिकाऱ्याला ‘दर्यासारंग’ हा किताब होता. तांडेल खलाशांचा म्होरक्या. अरबी समुद्रावर मराठी, अरब, इराणी, गुजराती, मलबारी माणसं शतकानुशतकं एकमेकांच्या जहाजांवर काम करत होती, आणि एकाच वाऱ्यात उभं राहायचं तर हाक सगळ्यांना कळावी लागते. हे शब्द त्या सहवासातून आले. कान्होजी आंग्र्यांचा ‘सरखेल’ हा किताब मात्र मूळचा समुद्रावरचा नाही. ‘खैल’ म्हणजे तुकडी किंवा जमाव, तिचा प्रमुख तो सरखेल. १७२९ साली कान्होजी वारले तोवर कुलाब्यापासून खालच्या किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना त्यांनी इतकं जेरीस आणलं होतं की त्या किताबाला खाऱ्या पाण्याचा वास लागला तो कायमचा. काही वेळा शब्द माणसाला मोठं करत नाही, माणूस शब्दाला मोठं करतो, ते असं.

एक नोंद देताना मला विशेष आनंद झाला, ती ‘नांगर’ची. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला आणि जहाजाचा नांगर फारसी ‘लंगर’पासून. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत एकाच उच्चाराला येऊन थांबले. कोळी नांगर टाकतो तेव्हा त्याचा प्रवास थांबतो. शेतकरी नांगर धरतो तेव्हा त्याचं वर्ष सुरू होतं.

आता सुकाणूच्या कामाबद्दल थोडं सविस्तर, कारण भाषणांत आणि अग्रलेखांत हे काम पूर्ण हरवलं आहे. सुकाणू जहाजाच्या मागच्या टोकाला, पाण्याखाली असतं. ते वळवलं की वाहतं पाणी त्याच्यावर आपटतं आणि जहाजाची मागची बाजू आधी बाहेर फेकली जाते. त्यामुळे नाळ वळते. जहाज थांबलेलं असेल तर सुकाणू कितीही फिरवा, काही होत नाही, कारण त्याच्यावरून पाणीच वाहत नसतं. चालत्या जहाजालाच दिशा देता येते. ज्या संस्थेत काम बंद पडलं आहे तिथे नवा ‘कर्णधार’ आणून बसवला की सगळं सुरळीत होईल अशी आशा आपण धरतो, तेव्हा हा साधा नियम विसरतो. आधी वल्ही चालायला हवीत, शिडात वारा भरायला हवा. मोठं जहाज वळायलाही वेळ लागतो. सुकाणू फिरवल्यावर काही क्षण जणू काहीच घडत नाही. अननुभवी माणूस मग आणखी फिरवतो आणि जहाज हवं त्यापेक्षा जास्त वळतं. मुरलेला सुकाणी थोडंसं वळवतो, थांबतो आणि वळण पुरं व्हायच्या आतच उलटं सावरायला लागतो.

मोठ्या जहाजावर सुकाणू धरणारा आणि हुकूम देणारा हे दोघे वेगळे असतात, हेही लक्षात घ्यायला हवं. हुकूम देणारा अधिकारी किती अंश, कोणत्या बाजूला ते सांगतो. चाकावरचा माणूस तोच हुकूम शब्दशः मोठ्याने परत म्हणतो, मग चाक फिरवतो, आणि फिरवून झाल्यावर तसं पुन्हा सांगतो. हा शिष्टाचार मानापानासाठी नाही. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात एक शब्द चुकीचा ऐकला तर जहाज खडकावर जाईल, म्हणून तो आहे. हुकमांचा घोळ किती होऊ शकतो याचं उदाहरण तर सगळ्या जगाला माहीत आहे. जुन्या काळी हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून दिला जाई. दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळतं. चाकं आली तरी हुकूम तेच राहिले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर हिमनग दिसल्याबरोबर फर्स्ट ऑफिसर मर्डॉक यांनी ‘स्टारबोर्ड’ म्हणजे उजवीचा हुकूम दिला, क्वार्टरमास्टर हिचेन्स यांनी चाक फिरवलं आणि जहाज, हुकमाप्रमाणेच, डावीकडे वळलं. १९३० च्या दशकात देशोदेशींनी ही रीत मोडली आणि उजवी म्हणजे उजवीच असं ठरवलं. इतकी वर्षं चाललेली सवय मोडायला कायदे करावे लागले.

‘कर्णधार’ म्हणताना आपण हुकूम देणारा आणि सुकाणू धरणारा अशी दोन माणसं एकात मिसळतो. यात मला काही वावगं वाटत नाही. छोट्या होडीवर ती दोन्ही एकच असतात. क्रिकेटमध्ये हा शब्द अजून खरा राहिला आहे, तोही याच कारणाने. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोनदा रणजी करंडक जिंकला तेव्हा फैज फजल कर्णधार होता आणि २०२४-२५ ला अक्षय वाडकर. दोघेही मैदानात उभे होते, स्वतः फलंदाजी करत होते, ऊन आणि खेळपट्टी सोसत होते. षटकागणिक क्षेत्ररक्षण बदलणं हे सुकाणूचंच काम आहे. तंबूत बसून नाव देणाऱ्याला कुणी कर्णधार म्हणत नाही. राजकारणात, सहकारात आणि शिक्षणसंस्थांत मात्र जो तंबूतच असतो त्यालाही आपण बिनदिक्कत हा शब्द देतो.

वऱ्हाडात नाव अगदीच नव्हती असं नाही. पूर्णा, वर्धा यांच्या पुरात डोंग्याने माणसं पार नेणारे भोई आणि ढिवर इथे होते, अजून काही ठिकाणी आहेत. डोंग्याला सुकाणू नसतं. लांब बांबूने किंवा वल्ह्यानेच तो ढकलायचा आणि वळवायचा. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. नाव हाकण्याच्या शब्दांना आपण भाषणातले दागिने समजतो, तेव्हा ही घटना आठवावी. दिशा देण्याचं काम पाण्यावर जिवाशी गाठ असणारं आहे.

पण वऱ्हाडाचं खरं वाहन बंडी. आणि बंडी हाकणारा तो धुरकरी. गाडीच्या पुढच्या दांडीला, जिथे जू बांधलं जातं तिकडे, धुर म्हणतात. तिच्यावर बसतो म्हणून धुरकरी. याच ‘धुर’पासून धुरीण, धुरंधर, ‘पक्षाची धुरा सांभाळली’ हे सगळे भारदस्त शब्द निघाले. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत धुरा नेत्याच्या खांद्यावर असते. आमच्याकडे धुरा म्हटलं की आधी शेताची हद्द आठवते आणि तिच्यावरून चाललेली भांडणं. धुरकरी मात्र संस्कृतच्या त्या बैठकीत कधी गेलाच नाही. तो बंडीवरच राहिला, म्हणून त्याचं काम शब्दात शाबूत आहे.

कापसाने भरलेली बंडी नाल्याच्या उतारावर येते तेव्हा धुरकऱ्याकडे नीट पाहावं. कापूस हलका, पण ढीग उंच, आणि वरचा भाग वाऱ्याने झोके खातो. उतारावर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. धुरकरी मागे सरकतो, कासरा आखडतो, दोन्ही बैलांना एकाच पावलात ठेवतो; एक पुढे गेला तर चाक आडवं पडेल. नाल्यात चिखल असेल तर तो थांबू देत नाही, कारण थांबलेली बंडी चिखलातून पुन्हा हलत नाही. चढ लागला की उलट. भार मागे जातो, जू वर उचललं जातं आणि बंडी उलाळ होऊ पाहते; तेव्हा धुरकरी झटकन पुढे येऊन आपल्या अंगाचं वजन धुरेवर टाकतो. त्याच्या हातात कासरा असतो हे सगळ्यांना दिसतं, पण तो स्वतःच्या शरीराने तोल सावरतो हे बंडीवर बसलेल्यालाच कळतं. जोडीत एक बैल तापट, एक सुस्त असेल तर कासरा दोघांना सारखा ओढून चालत नाही. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हीच विद्या सेकंदांच्या हिशोबात उतरते. धामणगाव तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाले आणि मे २०२३ च्या निकालाने ती परवानगी कायम झाली. तिथे जिंकलेल्या जोडीचं नाव घेतात तेव्हा धुरकऱ्याचंही घेतात.

आणि हीच बंडी समुद्राला जोडलेली होती. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई आणि तिथून नावांनी कलकत्त्याला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून जहाजांवर चढला, आणि पुढे १८७० मध्ये खास कापसासाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा निघाला. जहाजावरच्या सुकाण्याने लिव्हरपूलला पोचवलेला माल आधी कुठल्यातरी धुरकऱ्याने नाल्यातून सुखरूप काढलेला होता. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्याची नोंद आहे, दुसऱ्याची नाही.

वऱ्हाडी माणूस पुढाऱ्याला काय म्हणतो, हेही नोंदवण्यासारखं आहे. खापर्डे दादासाहेब झाले, पंजाबराव देशमुख भाऊसाहेब झाले, आणि डेबूजी जानोरकर हे गाडगेबाबा झाले. नातं आधी, पद नंतर. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं आणि त्यांच्या कामाचा आरंभ झाला तो भातकुली तालुक्यातल्याच ऋणमोचनला. पौषातल्या रविवारी तिथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. पूर्णेच्या काठावर चिखल, म्हातारीकोतारी माणसं घसरून पडत. बाबांनी आधी तो काठ स्वतः सारखा केला, मग लोकांना कामाला लावून घाट बांधला, धर्मशाळा उभ्या केल्या. कुठल्याही गावात गेले की दिवसभर हातात खराटा आणि रात्री कीर्तन. लोक खराट्यामागून आले, कीर्तन नंतर ऐकलं. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढीच्या पुलाशी त्यांचा देह पडला. त्यांना कुणी कर्णधार किंवा धुरीण म्हटल्याचं मी फारसं वाचलेलं नाही. पण सुकाणू मागे असतं, त्याला पाण्याखाली राहावं लागतं आणि आधी चाल लागते, हे तिन्ही नियम त्यांच्या कामात जसेच्या तसे सापडतात.

म्हणून या पुस्तकात एक गोष्ट जाणूनबुजून केली आहे. प्रत्येक शब्दाच्या नोंदीत आधी काम दिलं आहे, मग पद. ‘कर्णधार’ उघडाल तर आधी सुकाणू, दांडा, पाणी, वळण; त्यानंतर राजा, मंत्री, क्रिकेट. ‘धुरीण’ उघडाल तर आधी जू आणि बंडी. कुणाला हे उलटं वाटेल. शब्दकोशांची रीत प्रचलित अर्थ आधी देण्याची आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी हाच क्रम ठेवला, कारण प्रचलित अर्थ वाचकाला माहीतच आहे. सत्काराच्या मानपत्रात हे शब्द लिहिण्याआधी निदान एकदा त्यांच्या मूळ कामाकडे पाहिलं जावं, एवढीच त्यामागची इच्छा आहे. ज्याने कासरा हातात धरला, ज्याने सुकाण्याच्या जागी रात्र काढली, त्याला हा शब्द खुशाल द्यावा. ज्याने नुसतं नाव दिलं, त्याला अध्यक्ष म्हणावं. तो शब्दही सन्मानाचाच आहे, आणि बसण्याचा आहे.

संग्रह अपुरा आहे. कोकणातल्या कोळी, भंडारी, खारवी माणसांकडचे शब्द मला मिळाले तेवढेच आले आहेत; गोव्यातले आणि कारवारकडचे त्याहून कमी. वऱ्हाडातही अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि भातकुली या शेजारच्या तालुक्यांत बंडीच्या एकाच भागाला वेगवेगळी नावं आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून ती ऐकू येणं झपाट्याने कमी होतं आहे. तुमच्या घरी कुणी आजोबा, काका, मामा बंडी हाकत असतील, कुणी डोंगा चालवला असेल, कुणी जहाजावर नोकरी केली असेल, तर त्यांच्याशेजारी बसा, एकेका भागाचं नाव विचारा आणि ते कशासाठी असतं, ते मोडलं तर काय होतं, हेही विचारा. दोन्ही लिहून ठेवा. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ते शब्द तुमच्या गावाच्या नावासकट छापायचे आहेत.